नवखा सतरा

माझ्या दादाचं चष्म्यांचं दुकान आहे. चौतीस वर्षं झाली. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की तो त्याच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवतो, तिच्यात एक भिंग घालतो, मग दुसरं घालतो आणि विचारतो, "आधीचं बरं, की हे?" पुन्हा भिंग बदलतो, पुन्हा विचारतो. दिवसाला शंभर वेळा तरी. मी काउंटरवर बसते, तयार चष्मे पुसून डब्यांत घालते. लग्नाच्या भानगडीत मी पडले नाही. वहिनी गेल्यावर घर मीच सांभाळलं आणि त्याच्या मुलीलाही मीच वाढवलं, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे असं मी धरून चालते. त्याला तसं वाटत नाही, पण त्याला विचारतंय कोण.

परक्या माणसाशी दादा इतका मऊ बोलतो की ऐकत राहावं. घरात आला की मात्र तोंडाला कुलूप, आणि ते उघडलं तर न उघडतं तर बरं होतं असं वाटायचं. सहा वर्षांपूर्वी पोरगी कॉलेजात दोन विषयांत नापास झाली. तेव्हा ती सारखी कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायची. त्यात गावं होती, जंगलं होती, राक्षस होते आणि कुठकुठली खरी माणसं आपापलं सोंग घेऊन त्यात वावरत होती. निकालाच्या दिवशी दादा दुकानातून पक्कड घेऊन आला आणि एक शब्द न बोलता त्यानं कॉम्प्युटरची वायर कापली. मग म्हणाला, "त्या खेळातली माणसं तुला पोसणार असतील, तर जा त्यांच्याकडे."

ती गेली. त्यांच्याकडे नाही, दुसऱ्या गावी, औषधांच्या कारखान्यात बाटल्या तपासायच्या कामावर. दर रविवारी सकाळी अकरा वाजता ती घरच्या फोनवर माझ्याशी बोलते. पहिल्या वर्षी दोनदा दादानं फोन उचलला, दोन्ही वेळा तिनं ठेवून दिला. तेव्हापासून तो उचलत नाही. शेजारच्या खुर्चीत पेपर उघडून बसतो आणि आमचं बोलणं संपेपर्यंत त्याचं पान उलटत नाही.

गेल्या वर्षी एकदा ती म्हणाली, "आत्या, तो खेळ मी अजून खेळते गं. आता फारसं कुणी उरलं नाही तिथं. चुकूनमाकून कुणी नवीन आलं तर त्याला शिकवते. कामावरून आले की तीन वाजता बसते." तिथं तिनं वाटाडी असं नाव घेतलं होतं. जेवताना मी हे दादाच्या कानावर घातलं. त्याला टोचावं म्हणूनच घातलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी त्यानं माळ्यावरून तो कॉम्प्युटर खाली काढला आणि दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. त्यांनी नवी वायर घातली, धूळ झाडली, खेळ सुरू करून दिला. "काका, वीस वर्षं जुना खेळ आहे हा," त्या म्हणाल्या. "आता कोण खेळतं?"

"ओळखीचं माणूस आहे एक," दादा म्हणाला.

आमचं दुकान दुपारी एक ते चार बंद असतं. भिंगं घासायच्या यंत्राशेजारी दादानं टेबल मांडून वर कॉम्प्युटर ठेवला. खेळानं आधी नाव विचारलं. त्यानं 'नवखा' लिहिलं, तर ते आधीच कुणीतरी घेतलेलं. कॉम्प्युटरनं सुचवलं, नवखा सतरा. आधीचे सोळा कुठे गेले कुणास ठाऊक.

पहिला दिवस तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. वळायचं कसं हेच त्याला कळेना. दुसऱ्या दिवशी विहिरीत पडला. तिसऱ्या दिवशी धान्याच्या कोठारातले दहा उंदीर मारायचं काम मिळालं, आणि एका उंदरानं त्याला तीनदा मारलं. तिथं मेलं की माणूस गावातल्या दगडी ओट्यावर पुन्हा उभा राहतो आणि कमावलेल्या गुणांतले थोडे कापले जातात. "चौतीस वर्षांची नजर, आणि उंदीर दिसत नाही," मी म्हणाले. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. शेवटी दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत त्यानं लिहिलं, 'माफ करा, कोठाराचं दार कसं उघडायचं?' ते अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा ठिकाणी लिहिलं गेलं. अख्ख्या गावात एकच माणूस होतं.

'थांब तिथंच, येते मी,' वाटाडीनं लिहिलं.

हिरव्या झग्यातली एक बाई धावत आली आणि त्याच्यापुढे उभी राहिली. दादानं खुर्ची मागे सरकवली, जणू खरंच कुणी खोलीत आलं होतं.

मग रोज तीन वाजता ती येऊ लागली. वळायचं कसं, बसायचं कसं, पाव खाऊन जखम कशी भरायची, सगळं शिकवलं तिनं. 'अरे वेड्या, त्या लांडग्याला पाठ दाखवू नकोस,' असं लिहायची. पोरीनं बापाला वेड्या म्हटलं आणि बाप खूश. एकदा तिनं त्याच्यापुढे दोन तलवारी टाकल्या आणि लिहिलं, 'दोन्ही हातात घेऊन बघ. आधीची बरी, की ही?'

दादानं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसला. खूप वेळ पुसला.  

त्या खेळाचा एक नियम होता. हे गाव फक्त नवख्यांचं. गुण साठून विसावी लेव्हल आली की माणसाला होडीत घालून मोठ्या शहरात पाठवतात, आणि तिथून परत येता येत नाही. नवख्यांना शिकवायला मागे राहिलेल्या वाटाड्यांना गाव सोडता येत नाही. इकडून तिकडे निरोपही जात नाही. दादाला हे एकोणिसाव्या लेव्हलला कळलं. त्या दिवसापासून तो मुद्दाम मरायला लागला. लांडग्यापुढे जाऊन हात बांधून उभा राहायचा, मरायचा, गुण कापले जायचे, पुन्हा ओट्यावर उभा. चार महिने तो एकोणिसावर होता. ती वैतागायची, नव्यानं समजवायची. मी म्हणाले, "सांगून टाक ना एकदाचं. किती दिवस मरणार आहेस?" तो म्हणाला, "सांगितलं तर ती ठेवून देईल." फोनसारखं, हे त्यानं म्हटलं नाही.

त्या गुरुवारी मी चहा घेऊन त्याच्यामागे उभी होते. लांडग्यांच्या माळावर दोघं बसले होते. दादानं लिहिलं, 'तू इतक्या शांतपणे कसं शिकवतेस? मी इतका मठ्ठ.'

'माझे वडील दुकानात परक्या लोकांशी असं बोलायचे,' तिनं लिहिलं. 'मी आतल्या खोलीतून ऐकायची.'

'आता नाही बोलत?'

उत्तर आलं. 'ते वारले. सहा वर्षं झाली.'

 दादा पडद्याकडे बघत राहिला. तेवढ्यात गवतातून एक लांडगा आला. रोज हात बांधून उभा राहणारा माझा भाऊ, त्याची बोटं आपोआप चालली. तिनं शिकवलं होतं तशीच, पाठ न दाखवता, एकापाठोपाठ तीन वार. लांडगा आडवा झाला. तुतारी वाजली, वीस हा आकडा चमकला. दादा त्या दिवशी मरायचं विसरला होता.

'अरे थां' एवढंच तिचं दिसलं. पडदा काळा झाला. मग समोर एक मोठं बंदर होतं, दिवे होते, दुकानं होती आणि चिटपाखरू नव्हतं. दादा चार वाजेपर्यंत त्या बंदरावर उभा राहिला. मग उठून दुकान उघडलं. पहिल्या गिऱ्हाइकाला भिंग बदलून दाखवलं, पण विचारलं काहीच नाही. ते बिचारं वाट बघत बसलं.

रविवारी अकराला फोन वाजला. दादा पेपर घेऊन शेजारी. मी मुद्दाम स्पीकरचं बटण दाबलं. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर ती म्हणाली, "आत्या, तुला वेडेपणा वाटेल. माझा एक नवखा होता. फार मठ्ठ, पण इतका चांगला माणूस. रोज यायचा. गेला गुरुवारी, एकदम. आता भेटणार नाही."

"मग एवढं काय झालं?" मी म्हणाले. 

"शेवटचं बोलले ते त्याच्याशी खोटं बोलले गं. बाबा वारले म्हणून सांगितलं. आता अनोळखी माणसाला कुठे सगळं उगाळत बसायचं. पण त्या एकाला खरं सांगावंसं वाटत होतं. राहून गेलं."

माझं डोकं सटकलं. मी रिसीव्हर सरळ दादाच्या छातीवर टेकवला. "घे. बोल," मी ओठांनीच म्हणाले. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. तोंड उघडलं.

"आत्या?" ती म्हणत होती. "हॅलो? आत्या, ऐकू येतंय ना?"

दादानं रिसीव्हर हळूच ठेवून दिला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यानं ठेवला.

मी त्याला नको नको ते बोलले. कापलेल्या वायरीपासून सगळं काढलं.  शेवटी थकून मी म्हणाले, "निदान दुसरं नाव घेऊन परत जा तिथं. नवखा अठरा हो. कोण अडवतंय?"

"नको," तो म्हणाला. "कधीतरी ओळखेल ती."

"ओळखू दे की."

"मग तो नवखाही मीच निघेन." त्यानं पेपरची घडी घातली. "एक तरी चांगला माणूस राहू दे तिच्याजवळ."

फोन पुन्हा वाजायला लागला. तो उठून आतल्या खोलीत गेला आणि मी उचलला.