शालनचा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई. पलटणीतल्या दोस्तांना न्हाई, सख्ख्या भावाला न्हाई, अन् जिला सांगायला पायजे तिला तर न्हाईच. तुला सांगतोय, कारण — कारण काय ते मलाबी धड कळंना. ऐक म्हणजे झालं.

मिल्ट्रीतनं रिटायर होऊन आलो तवा गावानं वेशीवर माझा फ्लेक्स लावला. मिरजेपासनं जवळच हाय आमचं गाव. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं एवढा थोरला फ्लेक्स — वर्दीतला मी, छाती पुढं, मिशा पिळलेल्या. कार्यक्रम उरकल्यावर तो मी गुंडाळून माळ्यावर ठेवला. व्हय, हौस होती. असू दे.

पुढं घरी बसून जीव उबगला. ऊस भाऊ बघतो, अन् मला बांधावर नुसतं हिंडायला जमत न्हाई. मग खंडाळ्याकडच्या एका पाव्हण्याकडनं बटेराची पिल्लं आणली. एसटीनं, मांडीवर खोकं घेऊन. रानात लावे उडतात न्हाईत का, त्यांच्यातलीच ही पाळायची जात. पिल्लू एवढंसं — अंगठ्याच्या पेराएवढं म्हण. खोकं उघडलं अन् माझ्या बायकोनं, शालननं, तोंडाला पदर लावला. आवं, ह्यास्नी श्वास तरी कसा येत असंल, म्हणाली.

त्या दिवसापासनं माझा धंदा तिचा झाला. प्रवासानं दमलेल्या पिल्लाला पाणी कुठं हाय ते कळत न्हाई. एकेकाला हातात घेऊन चोच पाण्याला लावावी लागती. ते तिनं केलं. बशीत बुडून मरतात म्हणून बशीत धुतलेले खडे घातले. त्यांच्या खाण्याचा भरडा मैद्याच्या चाळणीनं चाळला. बल्बाखाली सगळी एका जागी गोळा झाली की थंडी वाजतीय, कडेला पळाली की उकडतंय — एवढं बघून ती बल्ब वरखाली करायची. खाली पोतं हातरायची, रोज धुतलेलं. मी खुर्चीत बसून हुकूम सोडायचो, अन् ती हसून "व्हय साहेब" म्हणायची. लय गोड दिवस होते गड्या.

मग ती भावाकडं जत्रेला गेली. जाताना बजावून बजावून गेली, पोतं रोज बदला म्हणून. मला त्या पोत्याचा वैताग. ओलं, वास मारणारं. बराकीत आमी फरशीत तोंड दिसंल असं पुसायचो, अन् हितं हे गोणपाट? माळ्यावरनं फ्लेक्स काढला. घडी घालून खोक्यात हातरला — फोटोतलं माझं तोंड खाली, पांढरी बाजू वर. एक फडकं मारलं की चकाचक. स्वतःवरच खूश झालो.

ती यायच्या आदल्या दिवशी बघतो तर पिल्लं उभीच राहीनात. पाय दोन्ही बाजूंना फाकलेले, पोटावर सरपटायची. खाण्यापतुर पोचता येईना, नुसती चिवचिवत होती बिचारी. खंडाळ्याला फोन लावला. पाव्हण्यानं पहिलंच विचारलं, खाली काय हातरलंय? गुळगुळीत असलं की पाय घसरतात अन् असे फाकतात, म्हणाला. मी म्हणालो, पोतं. का म्हणालो? त्याला काय पडली होती माझी? पण तोंडातनं निघून गेलं. मग तो म्हणाला, तसं असंल तर कुणी उचलताना दाबून धरलं असंल, ते मागनं दिसतं.

फ्लेक्स काढला. पुसून माळ्यावर टाकला, पोतं हातरलं. दुसऱ्या दिवशी शालन आली, खोक्यापाशी बसून एकेक पिल्लू उचलून बघाय लागली, तवा मी — हे सांगायलाच एवढा फिरून आलो — मी म्हणालो, "तूच दाबलंयस. चोची बुडवताना. तुझा हात जड हाय."

वरडलो न्हाई. वरडलो असतो तर तिनं उलट उत्तर दिलं असतं, ती काय ऐकून घेणारी बाई न्हवं. मी समजुतीनं बोललो, म्हणून तिला पटलं. तिनं आपल्या तळव्यांकडं बघितलं. उसात खुरप्यानं भांगलून भांगलून घट्टे पडलेले हात ते. मी सीमेवर असताना ह्याच हातांनी तिनं घर सांभाळलं, रान सांभाळलं, पोरगी वाढवली. मी बघितलं तिला बघताना. अन् चहा मागितला.

पुढं तिनं लोकरीच्या धाग्यानं पिल्लांचे पाय बांधायची युक्ती काढली — दोन पायांत बेताचं अंतर ठेवून. पण धरायचं काम माझ्याकडं दिलं. हळू धरा, तुमचा हात हलका हाय, म्हणायची. काही उठली, काही गेली. गेलेली तिनं परसात पुरली अन् माफी मागितली त्यांची. मी ऐकलं. त्यानंतरच्या खेपेच्या पिल्लांना तिनं बोटबी लावलं न्हाई.

पिल्लांचंच तर हाय, होतंय असं — मी मनाला सांगत राहिलो. पण औंदा आमची पोरगी बाळंतपणाला आली. वाईला दिलीय तिला. मिरजेच्या दवाखान्यात नात झाली, दिस भरायच्या आधीच, लय नाजूक. घरी आल्यावर पोरगी म्हणाली, आई, आंघोळ तूच घाल. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं शालननं पायावर घेऊन न्हाऊ घातलेली. दुसरी कोण घालणार? तर ही मागं सरली.

"नगं बाई," म्हणाली. "माझा हात जड हाय. इचार आबांस्नी."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. हीच वेळ होती. एका वाक्याचं काम होतं. अन् मी काय म्हणालो? म्हणालो, शेजारच्या काकीला बोलव, तिला सवय हाय.

काकी रोज आली. शालन पाणी तापवून द्यायची अन् टॉवेल घेऊन दारात उभी राहायची. मान धर, कानात पाणी जाईल, असं लांबनंच सांगायची. बाळ रडलं की तिचे हात पुढं यायचे, अन् ती ते पदरात गुंडाळून घ्यायची. मी सोप्यात बसून हे रोज बघितलं. माझा लय जीव हाय तिच्यावर, खोटं न्हाई सांगत. जीव हाय, अन् तरी गप्प बसलो. दोन्ही खरं हाय.

नात परवा वाईला गेली. एवढ्या दिवसांत शालननं तिला एकदाबी उचलून घेतलं न्हाई. गाडी सुटताना खिडकीतनं तिच्या तळपायाला एक बोट लावलं, अन् लगीच काढून घेतलं.

तिच्या हातानं एकाबी जिवाचा पाय मोडला न्हाई. मला ठाऊक हाय. तिला न्हाई.