नियमानुसार उचित कार्यवाही

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. तथापि या तालुक्यात ज्यांनी पदव्या घेतल्या, त्यांचेही अर्ज मीच लिहितो, हे नम्रपणे नमूद करतो. औशाला लिंबाच्या झाडाखाली माझे टेबल आहे. सध्या मंत्रिपदावर असलेल्या एका गृहस्थांच्या सार्वजनिक जीवनाचा पहिला कागद याच टेबलावर तयार झाला.

तेव्हा ते बिनकामाचे तरुण होते. त्यांच्या गावच्या फाट्यावर एसटी थांबत नसे. ते गावकऱ्यांच्या सह्या-अंगठे घेऊन आले, मी अर्ज लिहिला, बस थांबू लागली आणि गावाने त्यांना पुढारी केले. पुढे कोणाचे ना कोणाचे काम घेऊन ते येतच राहिले. वरिष्ठांनी अर्जाच्या कोपऱ्यात मारलेला शेरा कसा वाचावा, हे त्यांना मी शिकवले. ‘नियमानुसार उचित कार्यवाही करावी’ असे असेल, तर कागद मेला असे समजावे. कारण कोणी, काय, केव्हापर्यंत करायचे, यातले त्यात काहीच नसते. ‘विशेष बाब म्हणून मंजूर, आठ दिवसांत अहवाल द्यावा’ असे असेल, तरच खालचा माणूस खुर्चीतून उठतो.

त्यांनी ते डायरीत उतरवून घेतले. हसून म्हणाले, “म्हणजे मुन्शीजी, न्हाई म्हणायची हीच रीत हाय म्हणा की.”

पंचायत समिती झाली, जिल्हा परिषद झाली, मग आमदारकी. दोनदा पक्ष बदलला. दोन्ही वेळचे निवेदन माझ्या हातचे आणि दोन्हींतले ‘जनतेच्या आग्रहास्तव’ हे शब्दही माझेच. मंत्री झाल्यावर त्यांचे येणे थांबले.

किल्लारीला माझी थोरली बहीण, अक्का, राहत असे. भूकंपानंतर सरकारने बांधून दिलेल्या तिच्या घराचा कबाला, म्हणजे मालकीचा कागद, सासऱ्यांच्याच नावावर राहिला होता. मेहुणे वारले आणि धाकट्या दिराने एकट्याचे नाव लावण्याची खटपट सुरू केली. कबाल्यावर अक्काचे नाव चढले नाही, तर तिला घर सोडावे लागणार होते. ती मला म्हणाली, “तुझ्या मंत्र्याला सांग की. तूच घडवलास म्हणतोस.”

मी दोन दिवस खपून अर्ज लिहिला. इतका निर्दोष अर्ज माझ्या हातून पूर्वी झाला नव्हता.

साहेब नांदेडला विश्रामगृहावर आले होते. त्यांनी मला ओळखले, खुर्ची दिली, हे माझे गुरू आहेत असे सर्वांना सांगितले. अर्ज घेतला, शेवटावर नजर टाकली, कोपऱ्यात शेरा मारून परत दिला. मी वाचला: ‘नियमानुसार उचित कार्यवाही करावी.’

साहेब, हा शेरा, एवढेच मी बोलू शकलो.

“मुन्शीजी, खालची ओळ वाचा,” ते शांतपणे म्हणाले. “तुम्ही मागितलं तेच लिहिलं.”

ओळ अशी होती: ‘तरी नियमानुसार उचित कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.’ माझा प्रत्येक अर्ज याच ओळीने संपतो. तिथे आल्यावर हात आपोआप चालतो. ते थट्टा करीत होते की खरेच बोलत होते, हे मला चेहऱ्यावरून कळले नाही. तोवर त्यांच्या हातात पुढच्या माणसाचा कागद होता.

अक्काने तो अर्ज देवापुढे ठेवला आणि शेरा मोठ्याने वाचायला लावला. “लई वजनदार लिहिलंय,” ती म्हणाली. मी अर्थ सांगितला नाही. दिवाळीपूर्वी दिराचे नाव लागले.

त्यानंतर मी शेवटची ओळ बदलून पाहिली. अमुक अधिकाऱ्याने अमुक दिवसांत अमुक करावे, असे लिहू लागलो. ते अर्ज भाषा उद्धट असल्याच्या कारणावरून परत आले, आणि पक्षकार शेजारच्या टेबलावर जाऊ लागले. आता मी पूर्वीचीच ओळ लिहितो.

अक्का आमच्याकडे राहते. तो अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिने ट्रंकेत ठेवला आहे. अधूनमधून तो काढते आणि विचारते, “मंत्र्यानं तर लिहिलं होतं. मग कुठं अडलं रे?”

प्रकरण विचाराधीन आहे, असे मी तिला सांगतो.