गिरण लावू का?

तिचं नाव मला अजून माहीत नाही. डोंबिवलीतल्या आमच्या चाळीत सगळे तिला गिरणवालीच म्हणतात.

मी परभणीकडची, सातवीतच शाळा सुटलेली. गळ्यातल्या नळीतून मशीनवर श्वास घेणारी माझी लेक दवाखान्यातून घरी आणली, त्याच दिवशी खाली तिची पिठाची गिरण सुरू झाली. चाळीची वीज दबली आणि मशीन किंचाळलं. बॅटरीने निभावलं, पण जिन्यात माणसं जमली. "हे दवाखान्याचं काम. पोरीला परत न्या," एकजण म्हणाला.

तेवढ्यात पिठाळ हातांनी पदर खोचत ती वर आली. "पोर आपल्या घरा आलीय. पावनी हाय का, परत धाडाला?"

तेव्हापासून ती खालून ओरडते, "ए बाय, गिरण लावू का?" मी आधी मशीन बॅटरीवर घेते, मग ओरडते, "लावा, मावशी!" तोवर कुणी कुरकुरलं, तर ती त्याचा डबा न दळताच हातात देते. "जा, दुसरीकडं दळ."

तिचे उपकार कसे फेडू, कळत नाही. नळीमुळे लेकीला आवाज नाही. पण हल्ली हाक आली की माझ्याआधी तिचेच ओठ हलतात: लावा.