झेंडूचा हार

समोरच्या सुमनताईंच्या भिंतीवर दसऱ्याचा एक फोटो आहे. छोट्या विमानाच्या पंख्याला झेंडूचा हार, नाकावर कुंकवाचं स्वस्तिक आणि शेजारी हसणारा त्यांचा मुलगा निखिल. वैमानिक घडवणाऱ्या एका खाजगी शाळेत तो शिकवायचा. गेल्या आठवड्यात भर पावसात इंजिन बंद पडलं आणि तेच विमान माळावर कोसळलं. निखिल गेला.

काल शाळेचे व्यवस्थापक हातात हार घेऊन भेटायला आले. म्हणाले, "ताई, निसर्गापुढे कुणाचं काय चालतं?"

मी सुमनताईंजवळच बसले होते. माझं डोकंच फिरलं. पाऊस त्या दिवशी आमच्या गच्चीवरही पडला, कोणी मेलं नाही. इंजिन अडखळतंय, हे निखिल दिवाळीपासून सांगत होता. "अरे, पूजा केलीय ना, काही होत नाही," म्हणत या व्यवस्थापकांनीच ते हसण्यावारी नेलं. दसऱ्याला मीही शिलाई मशीनला फूल वाहते, पण आधी तेल घालते. आपल्याला यंत्राचा देव करायची घाई फार. देव केला की दुरुस्ती टळते, आणि माणूस मेला की दोष आभाळाला देता येतो. आभाळ काही उलट बोलत नाही.

व्यवस्थापक हार घालायला फोटोकडे वळले. सुमनताई उठून आडव्या उभ्या राहिल्या.

"तुमचा एक हार आहे तिथे," त्या म्हणाल्या. "दुसरा नको. इंजिन का दुरुस्त केलं नाही, तेवढं सांगा आणि जा."