केळ्याचा वास आणि वहिनीचं खुराडं

लग्न होऊन आल्याच्या तिसऱ्या दिवशी वहिनीने मला विचारलं, "ताई, घरात कसला गोड वास येतोय?" मी खो खो हसले. बहादरपुरात केळीवाल्याच्या घरी येऊन ही बाई विचारते, वास कसला! आईला सांगितलं, दादाला सांगितलं, शेजारच्या काकूंपर्यंत बातमी पोचवली. तेव्हा माझी जीभ अशीच होती. आता थोडी बोथट झाली आहे, फार नाही.

वहिनी कागद कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली. तिचे वडील तिथे नोकरीला, मूळचे महाराष्ट्रातले. त्यामुळे तिचं मराठी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ आणि आमचं, सीमेपलीकडच्या हिंदी मुलखातल्यांचं, अर्धं खान्देशी, अर्धं हिंदी. तिच्या आईने क्वार्टरमागे कोंबड्या पाळल्या होत्या, त्यातल्या दोन ती सासरी घेऊन आली. आईने नाक मुरडलं. मग म्हणाली, परसात राहू दे, पण अंडं माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही, मागच्या चुलीवर करायचं.

खुराडं वहिनीच्या वडिलांनी येऊन बांधलं. कारखान्यात ज्या जाळीवर कागद तयार होतो, ती जुनी झाली की कामगार घरी आणायचे. तीच त्यांनी चारी बाजूंनी ठोकली, वर पत्रा टाकला, पत्र्यावर दोन दगड ठेवले. ते परत गेल्यावर दादा म्हणाला, "कागदाच्या जाळीने काय होतंय, फालतू काम."

शेजारच्या कोंबड्याच्या कृपेने दोनाच्या सहा झाल्या. वहिनी त्यांना दाणे टाकताना एकेकीची खबर घ्यायची, कोण रुसली, कोणाचं पोट बिघडलं. "या घरात माझं म्हणावं असं एवढंच आहे," ती एकदा बोलून गेली. मी ऐकलं आणि विसरले. माझं तर सगळं घरच होतं, मला कसं कळणार.

त्या हिवाळ्यात रात्री कोणीतरी येऊ लागलं. सकाळी बघावं तर पत्रा सरकलेला आणि अंगणभर पिसं. दादा म्हणाला मुंगूस. शेतावरच्या गड्याने पत्र्यावरचे ओरखडे पाहिले आणि सांगितलं, हे उदमांजर आहे. दादाने दोनाचे चार दगड केले, बाभळीचे फाटे रचले, तेलाचे रिकामे डबे दोरीला बांधून टांगले. एक बल्बही लावला. त्या उजेडात पाहुण्याला ताट आणखी स्पष्ट दिसलं असेल. महिन्याभरात पाच कोंबड्या गेल्या.

उरली एक काळी. ती खुडूक होऊन नऊ अंड्यांवर बसली होती. दादा वैतागून म्हणाला, "ही गेली की खुराडं मोडून टाकू. पत्रा गोठ्याला कामी येईल." संध्याकाळी वहिनीने खुराड्याचं दार तारेने दुहेरी बांधलं. पिल्लं निघायला एकवीस दिवस लागतात, ती बोटांवर दिवस मोजत होती. त्यातच मला म्हणाली, "ताई, तो गोड वास इथे खुराड्याजवळ जास्त येतो हो." मी म्हटलं, "वहिनी, तुझ्या नाकाला औषध आणू का दुकानातून?"

आता माझी करणी सांगते. आमची केळी झाडावरून कच्चीच ट्रकमध्ये चढतात. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, आमच्याकडे तर कोणी खातही नाही. घरात पिकलेल्या केळ्याची हौस एकट्या मला. म्हणून एक घड मी स्वतः गोणपाटात गुंडाळून मागच्या पडवीच्या आढ्याला टांगायची. तो संपला की दुसरा. त्या पडवीच्या भिंतीला लागूनच खुराडं होतं.

अठराव्या दिवशी सकाळी कॉलेजला निघताना मी केळं काढायला गेले. गोणपाट फाटलं होतं, खालची फणी अर्धी खाल्लेली. याआधीही केळी कुरतडलेली दिसायची आणि मी उंदरांना शिव्या घालून मोकळी व्हायची. त्या दिवशी मात्र चुन्याच्या भिंतीवर मातीचे पंजे ताजे उमटले होते. घडापासून भिंतीच्या माथ्यावर, तिथून खाली खुराड्याच्या पत्र्यावर. पत्र्यावर त्याची घाण पडली होती, त्यात केळ्याचा गर तसाच. उदमांजर येत होतं माझ्या केळ्यांसाठी, वहिनीच्या कोंबड्या त्याला वाटेत सापडल्या होत्या. आणि तो वास आमच्यापैकी एकालाही येत नव्हता.

तसंच जाऊन वहिनीला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तोंड कुठे लपवू असं झालं होतं मला. घड उतरवला, खांद्यावर घेतला आणि लांब शेतात पंपाच्या खोलीत नेऊन टाकला. भिंत पाण्याने धुऊन काढली. पुढच्या तीन रात्री मला धड झोप लागली नाही, पण परसात डबे वाजले नाहीत. नऊ अंड्यांतून सात पिल्लं निघाली. दादा गावभर सांगत फिरला की डब्यांची आयडिया त्याची. वहिनी त्याला चहा देत "हो ना" म्हणत होती.

त्याला सोळा वर्षं झाली. माझं लग्न झालं, मी नागपूरला गेले. आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत तुळस जेमतेम मावते. इकडे माझ्यामागे पिकल्या केळ्यांची हौस वहिनीला लागली, घड आता पुढच्या ओसरीत टांगलेला असतो. गेल्या दिवाळीत माहेरी आले तेव्हा वहिनी परसात त्याच जाळीच्या खुराड्यासमोर दाणे टाकत बसली होती. काळीच्या नाती-पणत्या पायाशी फिरत होत्या. मी बाजूला बसले आणि घडाचं सगळं एका दमात सांगून टाकलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तुम्ही घड हलवलात त्या दिवशी वास बंद झाला ना."

"मग बोलली का नाहीस?"

"नवीन होते मी. आणि तुम्ही चार दिवस माझ्याशी इतकं गोड वागत होतात, म्हटलं राहू दे."

माझे डोळे भरून आले. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "वहिनी, आज फाटकातून आत आले आणि केवढा वास आला गं केळ्याचा. अजून येतोय."

तिने दाण्यांचं ताट खाली ठेवलं, मान वर करून दोनदा हुंगून पाहिलं. "मला नाही येत आता," ती म्हणाली.

आणि ती मला हसली नाही. तिने वासाचं विचारलं तेव्हा मी शेजारच्या काकूंपर्यंत बातमी पोचवली होती.