मधल्या बोटीवरचा ‘मी’

बर्फाची चौकशी करायला बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीत गेलो होतो, तेवढ्यात वायरलेसच्या खरखरीतून आवाज आला, “मी बरा आहे. ताप उतरला.”

यंत्रासमोरच्या बाईने बटण दाबून विचारलं, “हे कोण बोलतंय?”

“मी मधल्या बोटीवरनं बोलतोय, वहिनी. तुमच्या मालकांची बोट लांब गेलीय, त्यांचा आवाज तिथवर पोचत नाही. ते म्हणतात तेच मी सांगतोय.”

बाईचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र गोंधळच झाला. ताप एकाचा आणि ‘मी’ दुसऱ्याचा! शिवाय मध्येच भलत्याच बोटींची बोलणी घुसत होती, डिझेल, वारा, कुणाचं तरी हसणं. एवढ्या गलक्यात ह्याने ‘बरा आहे’ नेमकं ऐकलं कसं? ते ‘बरा नाही’ असेल तर?

लहानपणी आई-बाबांचा अबोला असला की मीही असाच मध्ये असायचो. “बाबा, आई म्हणते जेवायला या.” त्या निरोपांत आईचं किती होतं आणि माझं किती, आता सांगता येणार नाही. मला भूक लागलेली असायची का, तेही आठवत नाही.

बाई दारापर्यंत गेली आणि परत फिरली. बटण दाबून म्हणाली, “आणि भावजी, तुम्ही स्वतः जेवलात का?”

खरखरीतून तोच आवाज आला, “थांबा वहिनी, विचारून सांगतो.”