तिची खिडकी

अंबाजोगाईहून धारूरला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये ती रोज खिडकीपाशी बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. सरकारी सौरपंप तपासायची तिची नोकरी, आणि त्यातच पीएचडी चाललेली. पॅनलवर किती धूळ साचते ते शेतात बोटानं पुसून बघायची आणि बसमध्ये वहीत मांडायची. मी धारूरच्या कॉलेजात शिकवतो. माझी पीएचडी अर्ध्यात सुटली, हे एकदा तिला मीच सांगून बसलो.

"कावून सोडली, सर?"

"वेळच मिळाला न्हाई."

"मला तरी कुठं मिळतो?" ती हसली. "म्हणून तर इथं लिहिते."

ते हसू मला लई झोंबलं. दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन मी तिची खिडकी धरली. बघू आता कशी लिहिते!

ती चढली, मला बघून ओळखीची मान हलवली आणि माझ्यामागच्या सीटवर दाटीत बसली. मांडीवर वही मावेना, म्हणून तिनं ती माझ्या सीटच्या पाठीला टेकवली.

धारूर येईपर्यंत तिची एकेक ओळ माझ्या पाठीला कळत राहिली.